लोनवरचा गोलकीपर आणि विकत घेतलेला गोलकीपर

'क्लबने गोलकीपर लोनवर घेतला' असं वाचलं की आपल्याकडे बऱ्याच जणांना वाटतं, पैसे हप्त्याहप्त्याने फेडायचे असतील. घोळ शब्दाचा आहे. फुटबॉलमधलं लोन म्हणजे बँकेचं कर्ज नव्हे, शेजारून वाटीभर साखर उसनी आणावी तसा व्यवहार. फक्त इथे माणूस उसना येतो.

ट्रान्सफरमध्ये, म्हणजे खेळाडू विकत घेतला की, जुन्या क्लबाशी नातं तुटतं, नव्या क्लबाशी नवा करार होतो. लोनमध्ये करार मूळ क्लबाकडेच राहतो. पगार कुणी किती उचलायचा हे दोन्ही क्लब आपसांत ठरवतात, आणि असा खेळाडू सहसा मूळ क्लबाविरुद्ध उतरत नाही.

इंग्लंडच्या खालच्या डिव्हिजनमध्ये हा फरक किती महागात पडतो ते कार्लाईल युनायटेडला १९९९ मध्ये कळलं. क्लब लीगच्या चौथ्या, म्हणजे शेवटच्या स्तरावर, तोही तळाशी. नेहमीचा गोलकीपर टोनी केग ब्लॅकपूलला विकलेला. तो गेला तो गेलाच. त्याच्या जागी रिचर्ड नाइट आला, पण डर्बी काउंटीकडून लोनवर, आणि डर्बीने त्याला परत बोलावलं. मोसमाचे शेवटचे सामने आणि गोलकीपर नाही! नोंदणीची मुदतही उलटलेली. लीगकडून खास परवानगी काढून स्विंडन टाउनचा जिमी ग्लास आणला, तोही लोनवरच.

परवानगी मिळते ती गोलकीपरच्या जागेचं स्वरूप बघून. बचावपटू जखमी झाला तर मधल्या फळीतला कुणीतरी वेळ मारून नेतो. गोलपोस्टसमोर ते चालत नाही. म्हणून आजही इंग्लिश फुटबॉल लीगमध्ये ट्रान्सफर विंडो (खेळाडूंच्या देवघेवीचा ठरलेला काळ) बंद असताना गोलकीपरपुरती 'इमर्जन्सी लोन' ही सोय आहे. ती एका वेळी सात दिवसांची, गरज पडली तर पुन्हा वाढवायची. खालच्या लीगमधल्या गोलकीपरची कारकीर्द अशा सात-सात दिवसांच्या तुकड्यांतून घडते. बॅग भरलेलीच ठेवायची.

८ मे १९९९. कार्लाईलच्या मैदानावर, ब्रंटन पार्कवर, प्लिमथ अर्गाइलविरुद्ध १-१. तळाशी कार्लाईलसोबतच अडकलेल्या स्कारबरो क्लबाची मॅच बरोबरीत सुटलेली, म्हणजे जिंकलं नाही तर कार्लाईल लीगबाहेर. क्लब १९२८ पासून लीगमध्ये होता. भरपाई वेळेचं चौथं मिनिट, कॉर्नर मिळाला आणि ग्लास स्वतःचा गोल मोकळा टाकून पुढे धावला. स्कॉट डॉबीचा हेडर प्लिमथच्या गोलकीपरने अडवला, चेंडू सुटून नेमका ग्लाससमोर पडला, त्याने तो आत मारला. प्रेक्षक थेट मैदानात. लीगबाहेर गेलं ते स्कारबरो.

आदल्या वर्षी हाच ग्लास बोर्नमथकडून वेम्बलीवर ऑटो विंडस्क्रीन्स शील्ड या खालच्या डिव्हिजनमधल्या क्लबांच्या स्पर्धेच्या फायनलमध्ये उतरला होता, आणि तिथे चेंडू त्याच्याकडून स्वतःच्याच गोलमध्ये गेला होता. असो.

लोनची मुदत संपली आणि तो स्विंडनला परतला. पुढे खेळ सुटल्यावर काही काळ त्याने टॅक्सी चालवली. केगने कार्लाईलसाठी दोनशेहून जास्त सामने खेळले. ग्लासचे फक्त तीन, पण तिथे लोक विचारतात ते त्याच्याबद्दल.