गरोदरपणातला बीपी: 140/90 च्या आधीचा एक नियम

सातव्या-आठव्या महिन्यात 140/90 दिसलं का आशाताई बाईला पीएचसीत नेते, तिथून रेफर, हे आता ठरलेलंच. पण 2000 च्या आधी अजून एक नियम राहायचा आणि मला तर तोच आपल्या भागासाठी जास्त कामाचा वाटते.

दंडाला पट्टा बांधून बीपी मोजणं 1896 पासूनचं, ठोके ऐकून खालचा आकडा काढणं 1905 पासूनचं. पण गरोदर बाईच्या अंगात नेमकं काय होते ते लय उशिरा समजलं. रक्तवाहिन्या सैल पडतात, रक्तातलं पाणी चाळीस-पन्नास टक्के वाढते, तरी बीपी उतरते, पाचव्या-सहाव्या महिन्यात सगळ्यात खाली जाते अन मग डिलिव्हरीपर्यंत हळूहळू मूळ जागी येते. 1973 मध्ये दिसलं की बीपी तेवढाच चढवायला निरोगी गरोदर बाईला अँजिओटेन्सिन (बीपी चढवणारं रसायन) जवळपास दुप्पट द्यावं लागते, आणि जिचा बीपी पुढे वाढणार तिची हे रसायन झेलायची ताकद कित्येक आठवडे आधीच गेलेली असते.

जुना नियम असा, की सुरुवातीच्या बीपीपेक्षा वरचा 30 नाहीतर खालचा 15 ने वाढला तरी धोका धरायचा, भलेही 140 ला पोचला नसंल. 2000 च्या सुमारास तो प्रीएक्लॅम्पसियाच्या, म्हणजे गरोदरपणात बीपी चढून होणाऱ्या आजाराच्या, निदानातून काढला, कारण 140/90 च्या आत राहिलेल्या अशा बायांना अभ्यासात जास्त त्रास दिसला नाही आणि शेवटी-शेवटी सगळ्यांचाच बीपी थोडा चढते. मुद्दा खोटा नाही. पण निंदणाला जाणारी बेचाळीस किलोची पोरगी चौथ्या महिन्यात 90/60 घेऊन येते, आठव्यात 126/84 होते, तरी कार्डावर नॉर्मलच. अशा बाईवर नजर ठेवा, लघवीत प्रोटीन असंल तर खासच, हेही तेव्हाच म्हटलं होतं, पण खाली येता येता तेवढंच गळालं. अन नियम राहिला असता तरी तो चालवायला आधीचा आकडा पायजे, आणि पहिलं बाळंतपण माहेरी, सातव्यात बाई माहेरी आली का जुनं कार्ड सासरीच राहते. नाव उशिरा नोंदवलं असंल तर मग पहिलाच बीपी उतरलेला मिळते, म्हणजे आधीपासून बीपी असलेली बाईही तिथं ठणठणीत दिसते.

बाकी मग भराभर बदललं. पायाची सूज निदानातून गेली, 1995 अन 2002 च्या मोठ्या अभ्यासांनी या आजारातल्या झटक्यांसाठी मॅगसल्फ (मॅग्नेशियम सल्फेटचं इंजेक्शन) पक्कं केलं, 2013 पासून लघवीत प्रोटीन नसलं तरी प्लेटलेट, लिव्हर, किडनी बिघडली तर प्रीएक्लॅम्पसियाचं निदान होते. आधीपासून बीपी असलेल्या बाईला बाळ बारीक राहील या भीतीनं बरेच डॉक्टर 160 पर्यंत गोळीच द्यायचे नाहीत, 2022 च्या अभ्यासानंतर 140/90 लाच सुरू करा म्हणू लागले. आता बीपी आधीचा का नवा, हे ठरवायला पुन्हा पहिल्या तीन महिन्यातलाच आकडा लागते.