जागा सोडून गेलेला मुद्रितशोधक

शर्टाचं बटण लागेनासं होतं. कुलपात घातलेली किल्ली फिरत नाही. चालता चालता एका पायातली चप्पल मागेच राहते. पन्नाशी-साठीतल्या माणसाला वाटतं, वय झालं, नाहीतर मणक्याचं काहीतरी असेल. मग अंगठा आणि तर्जनीमधला मांसल भाग खपाटीला जातो, कातडीखाली स्नायू आपोआप फडफडताना दिसतात, आणि बऱ्याच तपासण्यांनंतर डॉक्टर नाव घेतात: एएलएस, म्हणजे मोटर न्यूरॉन डिसीजचा सर्वांत जास्त आढळणारा प्रकार. मोटर न्यूरॉन म्हणजे स्नायूंना हालचालीचे हुकूम देणाऱ्या चेतापेशी; या आजारात त्या मरत जातात. स्टीफन हॉकिंग यांना १९६३ साली, वयाच्या २१ व्या वर्षी, मोटर न्यूरॉन डिसीजचंच निदान झालं होतं. ते २०१८ पर्यंत जगले, पण तो फार मोठा अपवाद. बहुतेकांना लक्षणं सुरू झाल्यापासून काही मोजकी वर्षंच मिळतात.

या आजारात मरणाऱ्या चेतापेशींमध्ये प्रथिनाच्या गुठळ्या साचतात, हे आधीपासून दिसत होतं. प्रथिन कोणतं, हे २००६ साली कळलं. अमेरिकेत पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात मानुएला नॉयमन, व्हर्जिनिया ली, जॉन ट्रोजानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी ते ओळखलं: टीडीपी-४३. विशेष म्हणजे फ्रंटोटेम्पोरल डिमेन्शिया या दुसऱ्याच आजाराच्या अनेक रुग्णांच्या मेंदूतही तेच निघालं. एका आजारात हातपाय जातात, दुसऱ्यात माणसाचा स्वभाव आणि भाषा. दोन्हींच्या मुळाशी एकच प्रथिन. एएलएसच्या सुमारे ९७ टक्के रुग्णांत हा बिघाड सापडतो. आजार आईवडिलांकडून आलेले रुग्ण मात्र जेमतेम १० टक्के. म्हणजे बहुतेकांच्या टीडीपी-४३ च्या जनुकात काहीच खोट नसते, तरीही बिघडतं तेच प्रथिन.

टीडीपी-४३ चं काम आरएनएला चिकटून राहण्याचं. हे काम किती मोलाचं आहे ते समजायला आधी पेशीतली कातरकामाची पद्धत पाहू. डीएनएवरून उतरवलेली आरएनएची पहिली प्रत कच्ची असते. कामाच्या मजकुरामध्ये लांबच लांब निरर्थक पट्टे असतात. ते कापून उरलेले तुकडे जोडले की पक्की प्रत तयार होते आणि तिच्यावरून प्रथिन बनतं. समजा कच्ची प्रत अशी आहे:

आई म्हणाली टपकनकोखर बाळाला दूध पाज.

मधलं ‘टपकनकोखर’ कापलं की वाक्य स्वच्छ. पण नीट पाहा, त्या कचऱ्यात ‘नको’ हा अस्सल दिसणारा शब्द लपला आहे. कातरणाऱ्या यंत्रणेनं तो खरा समजून ठेवला, तर वाक्य होईल ‘आई म्हणाली नको’, आणि बहुतेकदा तिथेच पूर्णविरामही पडेल. बाळ उपाशी. आपल्या जनुकांच्या कच्च्या प्रतींत असे फसवे शब्द पुष्कळ आहेत. टीडीपी-४३ हा तिथला मुद्रितशोधक. आरएनएतली यू आणि जी ही अक्षरं जिथे आलटून पालटून येतात, यूजीयूजीयूजी, अशा जागा तो हेरतो, तिथे बसतो आणि फसवा शब्द झाकून धरतो. उंदराच्या मेंदूत तो ६००० हून जास्त प्रकारच्या आरएनएंना चिकटलेला आढळला आहे.

हे काम चालतं पेशीच्या केंद्रकात. निरोगी चेतापेशीवर टीडीपी-४३ दाखवणारा रंग चढवला की केंद्रक गडद दिसतं. एएलएसमधल्या आजारी पेशीत गुठळी केंद्रकाच्या बाहेर, पेशीद्रवात असते आणि केंद्रक फिकट, रिकामं पडलेलं असतं. बरीच वर्षं सगळ्यांचं लक्ष गुठळीकडे होतं. डोळ्यांत भरणारी तीच होती, त्यामुळे ते स्वाभाविकही होतं. पण मला त्या चित्रातलं रिकामं केंद्रक जास्त अस्वस्थ करतं. २०१५ साली जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात फिलिप वाँग यांच्या गटानं दाखवलं की टीडीपी-४३ काढून घेतलं की एरवी झाकलेले तुकडे भराभर पक्क्या प्रतींत घुसतात.

असाच एक घातक तुकडा २०१९ मध्ये हाती लागला. स्टॅथमिन-२ नावाचं प्रथिन मोटर न्यूरॉनच्या तंतूची डागडुजी करतं. हा तंतू म्हणजे काय चीज आहे! कमरेजवळच्या मज्जारज्जूतल्या एका पेशीपासून थेट पावलापर्यंत, जवळपास मीटरभर लांब. इतक्या लांब धाग्याची निगा राखायला स्टॅथमिन-२ सतत लागतं. टीडीपी-४३ जागेवर नसेल तर स्टॅथमिन-२ च्या आरएनएत सुरुवातीलाच फसवा तुकडा शिरतो आणि प्रत अर्धवट राहते. उंदराच्या जनुकात हा फसवा तुकडा नाहीच, त्यामुळे उंदरांवर कितीही प्रयोग केले असते तरी तो सापडला नसता. माणसाच्या मूलपेशींपासून वाढवलेल्या चेतापेशी आणि दिवंगत रुग्णांनी दान केलेल्या ऊती यांमुळेच तो दिसला. २०२२ मध्ये यूएनसी१३ए या जनुकातही असाच तुकडा सापडला. या जनुकातले काही बदल एएलएसचा धोका वाढवतात, हे २००९ पासून माहीत होतं, पण का, ते कोडंच होतं. ते बदल नेमके फसव्या तुकड्याच्या आसपास निघाले. ज्यांच्यात ते आहेत, त्यांच्यात मुद्रितशोधक नसताना चूक आणखी सहज होते.

मग टीडीपी-४३ आपली जागा का सोडतं? याचं एकच एक उत्तर नाही. एक धागा मात्र पक्का आहे. गरम वरणावर तुपाचे थेंब तरंगतात, एकमेकांत मिसळतात, पुन्हा सुटतात. टीडीपी-४३ आणि त्याचं भावंड शोभेल असं एफयूएस, ही प्रथिनं पेशीत असेच प्रवाही थेंब करतात. पेशीवर ताण आला की ते बनतात, ताण सरला की विरघळतात. २०१५ साली ड्रेस्डेनमधल्या संशोधकांनी एफयूएसचे थेंब परीक्षानळीत पाहिले. ते काही तासांत घट्ट होत गेले, आणि एएलएसच्या रुग्णांत सापडलेला जनुकीय बदल असलेले थेंब आणखी लवकर. तूप थिजतं तसे. फरक इतकाच की थिजलेलं तूप गरम केलं की वितळतं, हे थेंब सहसा परत वितळत नाहीत.

या शोधांमुळे उपचाराची दिशा बदलली आहे. मुद्रितशोधकाला परत आणणं अवघड, पण फसव्या शब्दावर दुसरी पट्टी चिकटवता येते. स्पायनल मस्क्युलर ॲट्रॉफी या मुलांच्या आजारात ही युक्ती खरी ठरली आहे. न्यूसिनर्सेन हे औषध म्हणजे आरएनएवर चिकटणारी एक कृत्रिम पट्टी. ती कातरकाम सुधारते, आणि अमेरिकेत २०१६ च्या डिसेंबरात तिला मान्यता मिळाली. २०२३ मध्ये स्टॅथमिन-२ च्या फसव्या तुकड्यावर अशीच पट्टी लावून, माणसाचा तो तुकडा मुद्दाम घातलेल्या उंदरांत हे प्रथिन पुन्हा बनवून दाखवलं गेलं. एएलएसच्या रुग्णांवर चाचण्याही सुरू झाल्या आहेत.

अशा औषधाचा उपयोग तंतू तुटण्याआधी जास्त, आणि बटण लागेनासं होतं तोवर बरेच तंतू तुटलेले असतात. म्हणून २०२४ चा एक निष्कर्ष मला फार आशेचा वाटतो. काही फसवे तुकडे प्रत अर्धवट न तोडता प्रथिनातच शिरतात, आणि एरवी शरीरात नसलेलं एक वेगळंच प्रथिन तयार होतं. वाँग यांच्याच गटानं मणक्यातून काढलेल्या पाण्यात असं प्रथिन शोधलं. आजाराचं जनुक घेऊन जन्मलेल्या, पण अजून एकही लक्षण नसलेल्या काही माणसांच्या नमुन्यांतही ते सापडलं.