उठबस (वार्धक्यातील)

भुईवर बसणे, टेका न घेता उठणे, तोल सावरणे व चालणे यांवरून उतारवयातील प्रकृतीचा अंदाज घेण्याची रीत. ‘आल्यागेल्याची उठबस’ हा पाहुणचाराचा अर्थ येथे अभिप्रेत नाही. मराठवाड्यातील घरांत मात्र तोही याच बळावर उभा असतो. ‘म्हातारी अजून चालतीफिरती आहे’ एवढ्यावर तेथे तब्येतीची चौकशी पुरी होते.

तोलाच्या जुन्या चाचण्यांपैकी पाय जुळवून, डोळे मिटून उभे राहण्याची चाचणी बर्लिनचे वैद्य मोरिट्स रॉम्बर्ग यांच्या नावाने ओळखली जाते. तिचे श्रेय वादग्रस्त आहे. अंधारात तोल जाणाऱ्या रुग्णांचे वर्णन इंग्रज वैद्य मार्शल हॉल यांनी १८३६ च्या सुमारास, तर बर्नार्डस ब्राख यांनी १८४० च्या सुमारास केलेले आढळते. रॉम्बर्ग यांचा ग्रंथ साधारणपणे १८४० ते १८४६ या काळात खंडशः निघाला. निरीक्षण हॉल यांचे आणि रुग्णाला मुद्दाम डोळे मिटायला लावणारी चाचणी रॉम्बर्ग यांची, हे मत अधिक ग्राह्य वाटते. पाय कुठे पडला याची जाणीव मंदावली की डोळे ती उणीव भरून काढतात; म्हणून दिवसा नीट चालणारे आजोबा रात्री वीज गेल्यावर उंबरठ्याशी अडखळतात.

ब्राझीलचे वैद्य क्लाउडिओ जिल आराउजो यांच्या चाचणीत भुईवर बसण्याला ५ व उठण्याला ५ गुण असतात. टेकलेल्या प्रत्येक हाता-गुडघ्यामागे १, तोल डळमळल्यास अर्धा गुण वजा होतो. ५१ ते ८० वयाच्या २,००२ व्यक्तींच्या पाहणीत (२०१२) कमी गुणांच्या गटांत मृत्यूचे प्रमाण जास्त आढळले. हा संबंध कार्यकारणाचा मानता येत नाही. २०२२ च्या अभ्यासात १० सेकंद एका पायावर उभे राहता न येणाऱ्यांबाबतही असाच कल दिसला.

खुरपणीला उकिडवी बसलेली साठीपुढची बाई उठताना एक तळहात मातीला, दुसरा गुडघ्याला लावते. गुडघ्यावरचा हातही टेकाच धरला जात असल्याने उठण्याच्या पाचांपैकी तिला तीनच गुण मिळतील. पंगतीत, चुलीपुढे, तुळजापूरच्या पायऱ्यांवर ही परीक्षा नकळत होतच असते. खुर्ची-पलंगाच्या घरात ती टळते. गुडघ्याची झीज असल्यासही गुण घटतात. त्यामुळे इतरांशी तुलना करण्यापेक्षा त्याच माणसातील बदल पाहावा, हे बरे. एका हाताने उठणाऱ्याला काही महिन्यांत दोन्ही हात लागू लागले, तर दृष्टी, ब-१२ जीवनसत्त्व आणि रक्तदाबाच्या गोळ्यांची मात्रा तपासतात. मध्यंतरी पडणे झाले होते का, हेही विचारतात.