कशाच्या तुलनेत? पदवीच्या प्रोजेक्टला लागणारा पहिला प्रश्न

कडुनिंबाच्या पानांचा मिथेनॉलमध्ये काढलेला अर्क, जिवाणू सारवलेली आगरची (जेलीसारख्या खाद्याची) प्लेट, तिच्यावर अर्कात बुडवलेल्या कागदी चकत्या आणि दुसऱ्या दिवशी चकतीभोवती उमटलेलं स्वच्छ वर्तुळ. सूक्ष्मजीवशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाचा हा नेहमीचा प्रोजेक्ट. वर्तुळ पट्टीने मोजलं, १४ मिलिमीटर भरलं, ब्लॅक बुकात (प्रोजेक्टच्या बांधीव अहवालात) निष्कर्ष उतरला: ‘कडुनिंबात जिवाणूरोधक गुण आहेत.’ व्हायवाला बाहेरून आलेले परीक्षक विचारतात, “नुसत्या मिथेनॉलच्या चकतीभोवती किती आलं?” ती चकती लावलेलीच नसते. मग ते १४ मिलिमीटर पानांचे की मिथेनॉलचे, हे कुणालाच सांगता येत नाही.

नव्या शैक्षणिक धोरणानुसार चार वर्षांची ‘ऑनर्स विथ रिसर्च’ पदवी आली आहे. पहिल्या सहा सत्रांत ७५ टक्के किंवा जास्त गुण असलेल्यांना चौथ्या वर्षी संशोधन घेता येतं आणि त्यातल्या प्रकल्पाला १२ क्रेडिट असतात. राज्यातल्या विद्यापीठांची ‘आविष्कार’ ही संशोधन स्पर्धा तर बऱ्याच आधीपासून भाषा, वाणिज्य, शेती, अभियांत्रिकी, औषधनिर्माण अशा सगळ्या शाखांच्या मुलांना एका मांडवाखाली आणते. तिथले तक्ते ओळीने पाहत गेलं की एक गोष्ट ठळक दिसते. चांगला प्रोजेक्ट कोणत्याही शाखेचा असो, मिळालेला आकडा किंवा पुरावा कशाशी ताडून पाहिला याचं उत्तर त्यात तयार असतं. हे ताडून पाहणं शाखेगणिक वेगळं दिसतं, म्हणून प्रत्येक शाखेत ते नव्याने शिकावं लागतं.

आधी ती प्लेटच नीट लावू. म्यूलर-हिंटन आगर लिटरला ३८ ग्रॅम घ्यायचं. ९० मिलिमीटरच्या प्लेटमध्ये साधारण २५ मिलिलिटर ओतलं की थर ४ मिलिमीटरचा होतो. ही जाडी महत्त्वाची आहे. थर पातळ झाला तर अर्काला खाली जायला जागा नसते, तो आडवा पसरतो आणि वर्तुळ उगाच मोठं दिसतं. जिवाणूंचं द्रावण ०.५ मॅकफार्लंड (गढूळपणाचं ठरलेलं माप) इतकंच गढूळ हवं. हे मानक कॉलेजात बनवता येतं: १.१७५ टक्के बेरियम क्लोराइड ०.०५ मिलिलिटर आणि १ टक्का सल्फ्युरिक आम्ल ९.९५ मिलिलिटर. मानकाची आणि जिवाणूंची अशा दोन्ही नळ्या काळ्या रेघा मारलेल्या पांढऱ्या कार्डासमोर धरून गढूळपणा जुळवायचा. त्या पातळीला मिलिलिटरमागे सुमारे १५ कोटी जिवाणू असतात. द्रावण दाट झालं तर वर्तुळ आक्रसतं, पातळ झालं तर फुगतं. मग सोमवारची प्लेट आणि गुरुवारची प्लेट यांची तुलनाच करता येत नाही.

द्रावण १५ मिनिटांच्या आत वापरायचं. कापसाच्या बोळ्याने प्लेट दर वेळी ६० अंशांनी फिरवत तीनदा सारवायची, चकत्या लावायच्या आणि ३५ अंशांना १६ ते १८ तास ठेवायची. प्लेटवर चार प्रकारच्या चकत्या हव्यात: अर्काची, नुसत्या द्रावकाची (इथे मिथेनॉलची), माहीत असलेल्या प्रतिजैविकाची आणि कोरी. अर्काची आणि द्रावकाची चकती लावण्याआधी पूर्ण वाळू द्यायची. ओलं मिथेनॉल स्वतःच जिवाणू मारतं. मोजतानाही एक चूक हमखास होते. चकती स्वतः ६ मिलिमीटरची असते आणि वर्तुळाचा व्यास चकतीसकट मोजतात, त्यामुळे तक्त्यातल्या ‘६’चा अर्थ परिणाम शून्य. तरी तो ‘अल्प परिणाम’ म्हणून लिहिलेला सापडतो.

यापुढची चूक जास्त खोल आहे. अर्काचं वर्तुळ १४ आणि जेंटामायसिन या प्रतिजैविकाचं २२, म्हणजे अर्क औषधाच्या दोन-तृतीयांश ताकदीचा, असं गणित मांडलं जातं. वर्तुळाचा व्यास मारकशक्तीवर अवलंबून असतो तितकाच तो पदार्थ आगरमधून किती वेगाने झिरपतो यावरही असतो. हळदीतलं कर्क्युमिन पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, त्यामुळे ते आगरमध्ये फारसं पुढे सरकतच नाही. त्याचं वर्तुळ लहान आलं म्हणून ते निष्प्रभ ठरत नाही. दोन पदार्थांची ताकद ताडायची असेल तर आठ परीक्षानळ्या घ्याव्यात, प्रत्येकीत आधीच्या निम्मी तीव्रता ठेवावी आणि जिवाणू कोणत्या नळीपर्यंत वाढले नाहीत ते पाहावं. हे काम जरा रटाळ आहे, पण उत्तर खरं देतं. आणि एकाच दिवशी, एकाच द्रावणातून लावलेल्या तीन प्लेटा म्हणजे तीन प्रयोग नव्हेत. तीन वेगळ्या दिवशी, जिवाणू नव्याने वाढवून केलेले ते तीन प्रयोग.

रसायनशास्त्रात हीच गरज ‘ब्लँक’ (नमुन्याशिवाय केलेली तीच चाचणी) भागवतो. विहिरीच्या पाण्याची कठीणता काढताना ५० मिलिलिटर पाणी, पीएच १० ठेवणारं अमोनियाचं बफर, रंग बदलून दाखवणारं एरिओक्रोम ब्लॅक टी आणि ०.०१ मोलर ईडीटीए लागतं. ईडीटीए थेंबाथेंबाने सोडायचं (हेच टायट्रेशन) आणि वाइनसारखा लाल रंग निळा झाला की थांबायचं. १८.४ मिलिलिटर लागलं तर २० ने गुणून कठीणता लिटरला ३६८ मिलिग्रॅम. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानकात २०० ही स्वीकार्य मर्यादा आहे आणि दुसरा स्रोत नसेल तर ६०० पर्यंत मुभा. पण आधी हीच कृती ऊर्ध्वपातित पाण्यावर करायची आणि तिथे जितके थेंब लागतील ते वजा करायचे. बफर घातल्यावर पाच मिनिटांत टायट्रेशन उरकायचं, नाहीतर कॅल्शियम कार्बोनेटचा साका बसू लागतो आणि आकडा कमी येतो. बोअरवेलचं पाणी पाचेक मिनिटं वाहू देऊन मगच बाटली भरायची, कारण पाइपात रात्रभर थांबलेलं पाणी जमिनीखालच्या पाण्याची खबर देत नाही.

अभियांत्रिकीच्या मुलांचा लाडका विषय म्हणजे मातीतला ओलावा ओळखून ठिबकचा पंप आपोआप चालू-बंद करणं. कपॅसिटिव्ह सेन्सर शे-दोनशे रुपयांत मिळतो, आर्डुइनो या छोट्या नियंत्रक बोर्डाला जोडला की ० ते १०२३ मधला एक आकडा येतो आणि हवेत धरल्यावरचा आकडा ‘० टक्के’, पाण्यात बुडवल्यावरचा ‘१०० टक्के’ असं ठरवून टाकलं जातं. ते टक्के मातीचे नसतात. मातीचे टक्के हवे असतील तर ती १०५ अंशांना २४ तास भट्टीत वाळवायची. मग ५००-५०० ग्रॅमचे पाच भाग करायचे. एक कोरडा ठेवून बाकीच्यांत ५०, १००, १५० आणि २०० मिलिलिटर पाणी कालवायचं, झाकण लावून रात्रभर मुरू द्यायचं आणि सारख्याच दाबाने भरून वाचन घ्यायचं. पाच बिंदूंचा आलेख सरळ रेषेत येत नाही, वाकतो. तो वाकच प्रोजेक्टचा गाभा आहे. वऱ्हाडात किंवा मराठवाड्यात काळ्या मातीत हा सेन्सर रोवला तर आणखी एक अडचण येते. ही माती वाळताना आकसते, भेगाळते. सेन्सरच्या पात्याशी फट पडते, मध्ये हवा शिरते आणि माती असते त्याहून कोरडी दिसते. पंप मग विनाकारण सुरू होतो. कुंडीतल्या लाल मातीवर चाचणी घेऊन शेतासाठी शिफारस करणाऱ्याला ही भेग दिसणारच नाही.

वाणिज्य आणि समाजशास्त्रात मोजण्याचं साधन म्हणजे प्रश्नावली. ‘यूपीआय व्यवहार सोपे आणि सुरक्षित वाटतात का?’ हा एक प्रश्न नाही, दोन आहेत. सोपे वाटतात पण भीती वाटते, अशा माणसाने कुठे खूण करायची? १०-१५ जणांना प्रश्नावली समोर बसून भरायला लावली की हे दोष लगेच वर येतात, आणि ही पायरी एका दुपारची आहे. नमुना ३८४ हवा असं सगळीकडे लिहिलेलं असतं. तो आकडा ९५ टक्के विश्वासपातळी आणि अधिक-उणे ५ टक्के चूक यांवरून येतो. चूक निम्मी करायची तर माणसं चौपट लागतात, १,५३७. पण हे गणित तेव्हाच लागू पडतं जेव्हा गावातल्या प्रत्येकाला निवडलं जाण्याची संधी सारखी असते. व्हॉट्सॲपवर फिरवलेल्या फॉर्ममध्ये स्मार्टफोन नसलेला माणूस येतच नाही, आणि विषय असतो डिजिटल व्यवहार! तिथे ३८४ काय आणि ३,८४० काय, एकच. त्यापेक्षा एका वॉर्डाची घरयादी घेऊन दर दहाव्या घरी जावं. माणसं शंभरच होतील, पण ती कोणाचं प्रतिनिधित्व करतात हे सांगता येईल. साठीपुढचे त्यात फक्त ४० असतील तर त्यांच्यापुरती चूक अधिक-उणे १५ टक्क्यांची, हेही लिहावं.

इतिहासाच्या विद्यार्थ्याकडे ना ब्लँक असतो ना नमुना. तरी तुलना आहेच. मोडी कागदाचं लिप्यंतर करताना सगळ्यात जास्त चुका होतात त्या तारखेत. पेशवाईतल्या कागदांवर शुहूर सन अरबी शब्दांत लिहिलेला असतो, एककापासून वरच्या दिशेने: ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे एक, साठ, शंभर आणि हजार, मिळून ११६१. इसवी सन काढायला ५९९ मिळवा असं पाठ असतं, उत्तर येतं १७६०. पण शुहूर वर्ष सूर्य मृग नक्षत्रात जाताना बदलतं. म्हणून जानेवारी ते मे मधल्या कागदाला ६०० मिळवावे लागतात. पानिपतची लढाई १४ जानेवारी १७६१ ची, सन ११६१ मधलीच. एकाने चुकलात तर पानिपतनंतरचं पत्र पानिपतच्या आधी जाऊन बसतं आणि त्यावर उभा केलेला सगळा युक्तिवाद उलटा होतो. काही कागदांवर फसली सन असतो. तो शुहूरपेक्षा ९ ने जास्त, म्हणजे त्याच वेळी ११७०. म्हणून सनाशेजारी दिलेला चंद्राचा दिवस आणि महिना वाचायचा, जंत्रीतून (तारखांच्या कोष्टकातून) इसवी तारीख काढायची आणि त्याच घटनेच्या दुसऱ्या पत्राशी ताडायची. पाच पत्रं अशी पक्की लावणं पन्नास पत्रांच्या यादीपेक्षा मोलाचं आहे.

नवीन माहिती गोळा केलीच पाहिजे असंही नाही. १९११ मध्ये न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात आल्फ्रेड स्टर्टेव्हंट पदवीचाच विद्यार्थी होता. फळमाश्यांच्या संकरांची टॉमस हंट मॉर्गन यांच्या प्रयोगशाळेत जमलेली माहिती त्याने घरी नेली आणि एका रात्रीत जगातला पहिला जनुकीय नकाशा काढला. एका गुणसूत्रावरचे दोन गुण जितक्या वेळा एकमेकांपासून सुटे होतात, तितकं त्यांच्यातलं अंतर, एवढीच कल्पना. १९१३ साली छापलेल्या नकाशात पिवळ्या अंगाचं जनुक ०.० वर, पांढऱ्या डोळ्यांचं १.० वर आणि शेंदरी डोळ्यांचं ३०.७ वर आहे. आकडे प्रयोगशाळेतल्या सगळ्यांसमोर होते. ते एकमेकांशी ताडायचे कसे हे त्याला सुचलं. आज जनगणनेचे तक्ते किंवा हवामान खात्याच्या पावसाच्या नोंदी कुठल्याही तालुक्याच्या कॉलेजात बसून उघडता येतात.

मोठं काम करायचंच असेल तर ते पिढ्यांमध्ये वाटावं लागतं. पुण्याच्या सीओईपी या अभियांत्रिकी संस्थेच्या विद्यार्थ्यांनी बनवलेला ‘स्वयम्’ हा जेमतेम एक किलोचा उपग्रह २२ जून २०१६ ला इस्रोच्या पीएसएलव्ही-सी३४ या रॉकेटवरून अवकाशात गेला. तो घडत असताना कितीतरी बॅचेस पास होऊन बाहेर पडल्या. अशा कामात मागच्या मुलांनी अमुक सर्किट का बदललं हे पुढच्यांना कळायला हवं, आणि ते सांगणारा माणूस तेव्हा नोकरीवर गेलेला असतो. त्याच्या जागी राहते ती वही. एका सत्राच्या प्रोजेक्टलाही हेच लागू आहे: नोव्हेंबरमध्ये लिहायला बसल्यावर ऑगस्टमधला आपण जवळजवळ परका माणूस असतो. म्हणून पानांना आकडे घातलेली बांधीव वही घ्यावी, सुटे कागद नकोत. वजन काट्यावर दिसताच त्याच क्षणी लिहावं, हातावर किंवा फिल्टर पेपरच्या कोपऱ्यावर नाही. फसलेली प्लेटही तारखेसकट नोंदवावी. आकडा चुकला तर पेनाची एकच आडवी रेघ मारावी, खालचा आकडा वाचता आला पाहिजे, आणि शेजारी का खोडला ते लिहावं.