तैवान : मान्यतेविना परराष्ट्रसंबंध

चीनमधील गृहयुद्ध साम्यवाद्यांकडून हरून तैवान बेटावर आलेले शासन आजही स्वतःला ‘चीन प्रजासत्ताक’ म्हणवते. जानेवारी 2024 मध्ये नाऊरूने साथ सोडल्यावर या शासनाला औपचारिक मान्यता देणारे फक्त 12 देश उरले. त्यांत पॅराग्वे, ग्वाटेमाला, एस्वातिनी, पलाऊ अशी छोटी-मध्यम राष्ट्रे आणि व्हॅटिकन येतात. उरलेल्या जगाशी व्यापार, व्हिसा, करार, मासेमारी असे सगळे व्यवहार चालतात, पण सार्वभौमत्वाचा प्रश्न कागदावर येऊ न देता.

25 ऑक्टोबर 1971 रोजी संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेने 76 विरुद्ध 35 मतांनी चीनची जागा तैपेईकडून (तैवानची राजधानी, म्हणजे तिथले सरकार) काढून बीजिंगच्या साम्यवादी सरकारला दिली. या एकटेपणाचा काही वाटा मात्र तैपेईचा स्वतःचा आहे. बीजिंगला मान्यता देणाऱ्या देशाशी संबंध तोडायचे, हा तिचाच शिरस्ता होता. 1964 मध्ये फ्रान्सशी तसेच झाले. 1991 मध्ये गृहयुद्धकालीन आणीबाणीच्या तरतुदी उठल्या आणि बीजिंगच्या सरकारला बंडखोर मानणे संपले.

दूतावासाची जागा ‘कार्यालय’ घेते. जपानने 1972 मध्ये, संबंध तोडतानाच, खासगी वाटणारी एक संस्था उभी केली. अमेरिकेने 1979 मध्ये तीच वाट धरली. अमेरिकेच्या बाबतीत खरा आधार कार्यालयाचा नाही, तैवान संबंध कायद्याचा आहे. मान्यता नसली तरी अमेरिकी कायदे तैवानला पूर्वीप्रमाणेच लागू राहतील आणि 1978 अखेर अमलात असलेले करार चालू राहतील, असे तो सांगतो. असा कायदा नसेल तिथे प्रत्येक सवलत वेगळी मागून घ्यावी लागते. करारांवर सह्या या संस्थांच्याच होतात. भारतातही हीच रीत आहे. 1995 पासून तैपेईत ‘इंडिया-तैपेई असोसिएशन’ आणि दिल्लीत तैपेईचे आर्थिक-सांस्कृतिक केंद्र आहे. 2011 चा दुहेरी करआकारणी टाळण्याचा करार या दोघांमधला. चेन्नईत 2012 मध्ये आणि मुंबईत 2024 मध्ये तैवानी कार्यालये उघडली. मुंबईच्या कार्यालयावर चीनने निषेध नोंदवला.

खरी झटापट नावावरून होते. ऑलिंपिकमध्ये आणि एपेक या आशिया-पॅसिफिक आर्थिक गटात ‘चायनीज तैपेई’, आशियाई विकास बँकेत 1986 पासून ‘तैपेई, चायना’ (तैपेईच्या निषेधासह) आणि 2002 पासून जागतिक व्यापार संघटनेत ‘तैवान, पेंगहू, किनमेन आणि मात्सू यांचे स्वतंत्र जकात क्षेत्र’. हे शेवटचे नाव अवजड, पण कामाचे, कारण त्या संघटनेत सदस्य होण्यासाठी सार्वभौम देश असणे आवश्यक नाही. जकातीवर स्वतःचा ताबा असला की पुरते. 2013 चा न्यूझीलंडशी झालेला व्यापार करारही याच धाग्यावर विणला. उलट, लिथुएनियाने 2021 मध्ये व्हिल्नियसच्या कार्यालयाच्या नावात ‘तैपेई’ऐवजी ‘तैवान’ येऊ दिले, तेव्हा चीनने संबंधांचा दर्जा खाली आणला आणि लिथुएनियाचा माल अडवला.

मित्र टिकवण्याचे जुने साधन म्हणजे शेती पथके. पहिले 1959 मध्ये व्हिएतनामला गेले, पुढे आफ्रिकेत भातशेती शिकवणारी पथके गेली. भात शिकवणारा माणूस गावात वर्षानुवर्षे दिसतो. रोख मदत मात्र बोलीचा खेळ होते आणि बोलीत बीजिंग वरचढ ठरते. मध्यस्थांवर विसंबणे त्याहून घातक. पापुआ न्यू गिनीची मान्यता मिळवण्यासाठी दोन दलालांकडे दिलेले सुमारे 3 कोटी डॉलर गायब झाल्याचे 2008 मध्ये उघड झाले आणि उपपंतप्रधान व परराष्ट्रमंत्री यांना जावे लागले.

दाव्यांच्या बाबतीत तैपेईची पद्धत अशी : दावा सोडायचा नाही, पण मासळीचा प्रश्न त्यापासून वेगळा काढायचा. सेनकाकू (तैवानी नाव त्याओयुताई) बेटांवर जपान, चीन आणि तैवान तिघांचा दावा. 10 एप्रिल 2013 रोजी जपानशी झालेल्या करारात 27 अंश उत्तर अक्षांशाच्या दक्षिणेचे पाणी तैवानी बोटींना खुले झाले. बेटांभोवतीचा 12 सागरी मैलांचा पट्टा वगळला, म्हणजे मालकीवर बोलावेच लागले नाही. ओकिनावाच्या मच्छीमारांना मात्र टोकियोने आपल्याला डावलल्यासारखे वाटले. भांडण आता अंतराचे आहे : लांब दोरीने ट्यूना धरताना तैवानी बोटी परस्परांत 1 सागरी मैल सोडतात, ओकिनावाच्या 4. दाट टाकलेल्या दोऱ्या गुंततात, म्हणून हंगामाचे नियम पुन्हा पुन्हा ठरवावे लागतात.

फिलिपिन्सशी समझोता व्हायला एक जीव जावा लागला. 9 मे 2013 रोजी तिथल्या तटरक्षकांच्या गोळीबारात तैवानी मच्छीमार ठार झाला. नोव्हेंबर 2015 च्या करारात तीन गोष्टी ठरल्या : बळाचा वापर टाळणे, कारवाईआधी 1 तास कळवणे आणि पकडलेली बोट 3 दिवसांत सोडणे.

दक्षिण चीन समुद्रात हे तंत्र चालत नाही. तिथले ताइपिंग बेट तैवानच्या ताब्यात असून त्यावर धावपट्टी आहे. फिलिपिन्सने चीनविरुद्ध नेलेल्या खटल्यात 12 जुलै 2016 च्या लवाद निकालाने त्याला ‘खडक’ ठरवले, म्हणजे 200 सागरी मैलांच्या आर्थिक क्षेत्राचा हक्क गेला. तैवान त्या खटल्यात पक्षकार नव्हता. निकालात त्याचा उल्लेख ‘चीनचे तैवान प्राधिकरण’ असा आला.