फाइफ-ढोल वादन, कृष्णवर्णीयांचे (मिसिसिपी)

अमेरिकेतील मिसिसिपी राज्याच्या उत्तरेकडील टेकड्यांच्या प्रदेशात, मुख्यतः टेट व पनोला या परगण्यांत, कृष्णवर्णीय शेतकरी कुटुंबांनी जपलेली वादनपरंपरा. फाइफ ही छोटी आडवी बासरी आणि दोन-तीन ढोल, एवढाच वाद्यमेळ. स्थानिक लोक ज्याला ‘पिकनिक’ म्हणतात त्या गावजेवणात हे वादन मुख्यतः होते.

फाइफ घरीच करतात. ओढ्याकाठी वाढणाऱ्या स्थानिक बांबूचा साधारण फूटभर तुकडा कापतात, लोखंडी सळई विस्तवात लाल करून आतले पेर जाळून काढतात आणि त्याच सळईने फुंकण्याचे एक व बोटांची पाच किंवा सहा भोके पाडतात. भोकांच्या जागा अंदाजाने ठरत असल्याने दोन बासऱ्यांचे सूर तंतोतंत जुळतीलच असे नाही. मोठ्या ढोलाला ‘बास’, तर कडक, तडतडणाऱ्या लहान ढोलाला स्थानिक बोलीत ‘केटल’ म्हणतात.

उगमाविषयी मतभेद आहेत. एक मत हे वादन थेट पश्चिम आफ्रिकेतून आले असे मानते. लहान स्वरवाक्याची पुनरावृत्ती, परस्परांना छेदणारे ताल, ढोलाकडे झुकून नाचणे ही लक्षणे त्यासाठी पुढे केली जातात. क्षेत्रध्वनिमुद्रणासाठी प्रसिद्ध असलेल्या ॲलन लोमॅक्स यांचा कल या बाजूला होता. दुसरे मत लष्करी वाद्यवृंदाकडे बोट दाखवते. व्हर्जिनियातील १७२३ च्या कायद्याने स्वतंत्र कृष्णवर्णीयांना सैन्यदलात ढोल वा तुतारी वाजवण्याच्या कामी घेण्यास मुभा दिली होती. उलट दक्षिण कॅरोलिनात १७३९ च्या स्टोनो येथील गुलामांच्या उठावात बंडखोर ढोल वाजवीत निघाले, तेव्हा १७४० च्या कायद्याने गुलामांच्या ढोलांवर व शिंगांवर बंदी आली. ज्या वाद्याची मालकांना एवढी धास्ती होती ते उघडपणे हाती राहण्याचा एक मार्ग लष्करी कामातून जात होता, हे या मताचे बलस्थान. लोकसंगीताचे अभ्यासक डेव्हिड इव्हान्स यांच्या संशोधनानुसार वाद्ये लष्करी परंपरेतली, पण ती वाजवण्याची रीत आफ्रिकी वळणाची. उपलब्ध पुराव्याशी हेच मत अधिक जुळते. कालनिश्चितीबाबत एक गोष्ट मात्र लक्षात घ्यावी लागते. हा प्रदेश चिकासॉ या मूळ अमेरिकी जमातीच्या लोकांकडून १८३२ च्या तहाने घेतला गेला आणि त्यानंतर पूर्वेकडच्या राज्यांतून मळेवाले व त्यांचे गुलाम येथे आले. म्हणजे मिसिसिपीच्या या भागात ही परंपरा त्याआधीची असणे संभवत नाही. ती बहुधा पूर्वेकडून आली असावी. जॉर्जिया व टेनेसीमध्ये तिचे अवशेष सापडले आहेत, यावरून या तर्काला बळ मिळते.

सर्वांत जुनी ध्वनिमुद्रणे १९४२ मधील आहेत. लोमॅक्स यांनी तेव्हा अंध वादक सिड हेम्फिल यांच्या मेळाचे वादन टिपले. १९५९ मध्ये कोमो गावी एड व लॉनी यंग या बंधूंचे वादन त्यांनी मुद्रित केले. हेम्फिल यांची नात जेसी मे हेम्फिल (मृत्यू २००६) ब्लूज गायिका म्हणून नावारूपाला आली, आणि ती ढोलही वाजवीत असे.

सेनाटोबियाजवळच्या ग्रॅव्हल स्प्रिंग्ज वस्तीतील शेतकरी ओथा टर्नर यांची पिकनिक विशेष गाजली. सप्टेंबरच्या पहिल्या सोमवारी येणाऱ्या कामगार दिनाच्या सुमारास ती भरे. घरची बोकडे कापून निखाऱ्यांवर भाजत, आणि दिवस कलला की अंगणात वादन सुरू होई. बासरीवाला पुढे, मागे एका चालीत वाकत-डोलत ढोलवाले, आणि त्यांच्या भोवती धुळीत पाय घासत नाचणारी मंडळी. म्हातारे आणि पोरेटोरे एकाच रांगेत. मंच नसतो, त्यामुळे श्रोता कोण आणि वादक कोण हे सांगणे अवघड होते. या परंपरेचे खरे सौंदर्य येथेच आहे, मुद्रित आवाजात ते हाती लागत नाही. टर्नर यांना १९९२ मध्ये राष्ट्रीय वारसा पाठ्यवृत्ती हा लोककलांसाठीचा सर्वोच्च राष्ट्रीय सन्मान मिळाला. त्यांचा पहिला स्वतंत्र संग्रह निघाला तो १९९८ मध्ये, वयाच्या नव्वदीत.

टर्नर २७ फेब्रुवारी २००३ रोजी वारले. त्याच दिवशी त्यांची कन्या बर्निस हिचाही मृत्यू झाला. बासरी आजोबांकडूनच शिकलेली नात शार्ड थॉमस तेव्हा जेमतेम बारा-तेरा वर्षांची होती. ‘रायझिंग स्टार’ हा घरचा मेळ त्यानंतर तिने चालवला आणि पिकनिकही भरत राहिली.

जॉर्जियाच्या पश्चिम भागात, वेव्हर्ली हॉल या गावाच्या परिसरात, असाच एक मेळ विसाव्या शतकाच्या उत्तरार्धापर्यंत वाजत होता.