लोकार्नो आणि केलॉग-ब्रियां: एक जामीन, दुसरी शपथ

दोन महायुद्धांमधला काळ शिकवताना एक घोळ मला उत्तरपत्रिकांमध्ये दरवर्षी सापडतो. 'लोकार्नो कराराने युद्ध बेकायदेशीर ठरवले' असं कुणी लिहितं, तर 'केलॉग-ब्रियां कराराने जर्मनीची पश्चिम सीमा पक्की केली' असं कुणी. घोळ होणं साहजिक आहे. दोन्ही करार (1925 आणि 1928) तीन वर्षांच्या आत झाले, दोन्हींमागे फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री आरिस्तीद ब्रियां होते, दोन्हींवर जर्मनीचे परराष्ट्रमंत्री गुस्टाव श्ट्रेझमान यांची सही आहे आणि दोन्हींच्या शिल्पकारांना शांततेचं नोबेल मिळालं. त्यात चेंबरलेन या नावाने आणखी भर पडते. लोकार्नोचे चेंबरलेन म्हणजे ब्रिटनचे परराष्ट्रमंत्री ऑस्टिन. 1938 मध्ये हिटलरशी तडजोड करायला म्युनिकला गेलेले पंतप्रधान नेव्हिल हे त्यांचे सावत्र भाऊ.

मी वर्गात दोनच शब्द देतो. लोकार्नो हा जामीन होता, केलॉग-ब्रियां ही शपथ. जामीन ठरावीक व्यवहारापुरता असतो आणि त्यात वेळ आली तर जामीनदाराला खिशात हात घालावा लागतो. शपथ कितीही मोठी घेता येते, पण ती मोडली तर वसुलीला कुणी येत नाही.

आधी जामीन बघू. ऑक्टोबर 1925 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या लोकार्नो या तळ्याकाठच्या गावात जर्मनी, फ्रान्स, बेल्जियम, ब्रिटन आणि इटली यांचे प्रतिनिधी जमले; पोलंड आणि चेकोस्लोव्हाकियाचेही आले. सात वर्षांपूर्वी एकमेकांची माणसं खंदकांत मारणारे देश आता एकाच टेबलावर बसले होते आणि पराभूत जर्मनीला प्रथमच बरोबरीने बोलावलं गेलं होतं. लागो माज्जोरे तळ्यावर बोटीत बसून मंत्र्यांनी मसुद्यातली अवघड कलमं सोडवली. 1 डिसेंबरला लंडनमध्ये सह्या झाल्या. पुढच्या वर्षी जर्मनी राष्ट्रसंघाचा, म्हणजे पहिल्या महायुद्धानंतर शांतता राखण्यासाठी स्थापन झालेल्या देशांच्या संघटनेचा, सदस्य झाला. लोकांना खरंच वाटलं की युद्ध आत्ता कुठे संपलं, आणि त्यांच्या त्या आशेला भाबडी म्हणायला मी तयार नाही.

करारात होतं काय? जर्मनी-फ्रान्स आणि जर्मनी-बेल्जियम या सीमा कुणी बळाने बदलायच्या नाहीत. ऱ्हाईनलँडमध्ये, म्हणजे या सीमांलगतच्या आपल्याच प्रदेशात, जर्मनीने सैन्य ठेवायचं नाही. कुणी हल्ला केलाच, तर ब्रिटन आणि इटली या दोन जामीनदारांनी हल्ला झालेल्याच्या मदतीला धावायचं.

आता या जामिनातली भोकं बघा. पहिलं भोक पूर्वेकडे. पोलंड आणि चेकोस्लोव्हाकिया यांच्याशी जर्मनीने फक्त लवादाचे करार केले. त्या सीमांना ना जर्मनीने मान्यता दिली, ना ब्रिटनने हमी. म्हणजे युरोपात दोन प्रतीच्या सीमा तयार झाल्या, एक जामीन असलेली आणि एक नसलेली. शेताच्या चार बांधांपैकी एकाचीच मोजणी करून घेतली, तर उरलेल्या तिघांबद्दल शेजाऱ्याने काय समजायचं? सप्टेंबर 1938 मध्ये सुडेटनलँड हा चेकोस्लोव्हाकियातला जर्मनभाषकांचा सीमाभाग जर्मनीला सोडा असा दबाव आला, तेव्हा प्रागच्या सरकारने 1925 चा हाच लवादाचा करार पुढे केला आणि वाद लवादाकडे द्या अशी मागणी केली. लंडन आणि पॅरिसने ती धुडकावून लावली. लोकार्नोची सगळी कहाणी मला त्या एका प्रसंगात दिसते.

दुसरं भोक कमी ठाऊक आहे, पण माझ्या मते तेच जास्त घातक. ब्रिटन दोन्ही बाजूंना जामीन होता: जर्मनीने फ्रान्सवर हल्ला केला तर फ्रान्सच्या बाजूने, फ्रान्सने जर्मनीवर केला तर जर्मनीच्या बाजूने. मग ब्रिटिश सेनाधिकाऱ्यांनी योजना आखायची कुणाबरोबर आणि कुणाविरुद्ध? एकाशी बोलणी करावीत तर दुसऱ्याचा विश्वास जातो. त्यामुळे हमी कागदावर राहिली, तिच्यामागे लष्करी तयारी उभीच राहिली नाही.

शनिवार, 7 मार्च 1936. जर्मन सैन्य ऱ्हाईनलँडमध्ये शिरलं. फ्रान्सने सोव्हिएत रशियाशी करार केल्यामुळे लोकार्नो संपलं, हे हिटलरचं निमित्त. आता जामीनदारांकडे वळायचं, तर इटली स्वतः ॲबिसिनियावर (आजचा इथिओपिया) चढाई करून बसला होता आणि राष्ट्रसंघाचे आर्थिक निर्बंध सोसत होता. ब्रिटनमध्ये सूर असा होता की जर्मन आपल्याच परसात तर गेलेत, त्यात एवढं काय! फ्रान्समध्ये निवडणुका तोंडावर आल्या होत्या आणि ब्रिटनशिवाय पाऊल टाकायची तयारी नव्हती. राष्ट्रसंघाच्या परिषदेने 19 मार्चला जर्मनीने करार मोडल्याचा ठराव केला. त्यापुढे काही झालं नाही.

आता शपथ. एप्रिल 1927 मध्ये ब्रियांनी अमेरिकी जनतेला उद्देशून निवेदन काढलं: आपण दोन देश आपसांत कधीही युद्ध करणार नाही असं ठरवू या. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री फ्रँक केलॉग यांना त्यात आडून मागितलेला लष्करी दोस्तीचा हात दिसला. त्यांनी वर्षाअखेर उलट प्रस्ताव दिला, की मग दोघांनीच का, सगळ्या देशांनी सही करावी. 27 ऑगस्ट 1928 ला पॅरिसमध्ये 15 देशांच्या सह्या झाल्या. त्यासाठी फ्रान्समधल्या ल हाव्र शहराने केलॉग यांना सोन्याचं पेन भेट दिलं होतं. 'शांतता हवी तर युद्धाची तयारी ठेव' हे जुनं लॅटिन वचन बदलून त्यावर कोरलं होतं, 'शांतता हवी तर शांततेची तयारी ठेव'. त्या 15 देशांत भारतही होता, पण भारताच्या वतीने सही केली ब्रिटनच्या लॉर्ड कुशेन्डन यांनी.

करार अगदी आटोपशीर. कामाची कलमं दोनच: राष्ट्रीय धोरणाचं साधन म्हणून युद्धाचा त्याग, आणि सगळे वाद शांततेच्या मार्गाने सोडवणं. मोडणाऱ्याला शिक्षा करायची तरतूद नाही. स्वसंरक्षणाचा हक्क पत्रव्यवहारात राखून ठेवला गेला आणि स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे ज्याचं त्याने ठरवायचं. ब्रिटनने तर जगातल्या काही प्रदेशांबाबत आपल्याला मोकळीक हवी असंही कळवलं. अमेरिकी सिनेटने जानेवारी 1929 मध्ये 85 विरुद्ध 1 मतांनी करार मंजूर केला आणि पुढच्याच महिन्यात 15 नव्या क्रूझर युद्धनौका बांधायलाही मंजुरी दिली. पुढे सही करणाऱ्या देशांची संख्या 60 च्या वर गेली.

जपान पहिल्या 15 मध्ये होता. 18 सप्टेंबर 1931 च्या रात्री ईशान्य चीनमधल्या मुक्देनजवळ रेल्वेमार्गावर त्याच्याच सैनिकांनी छोटा स्फोट घडवला. नुकसान इतकं किरकोळ की थोड्याच वेळात गाडी त्यावरून निघून गेली. पण तेवढ्या निमित्तावर मांचुरिया हा चीनचा सगळा ईशान्य प्रदेश घेतला गेला. जपानने युद्ध पुकारलंच नाही. तो त्याला 'घटना' म्हणत राहिला. 1937 मध्ये चीनवर मोठी चढाई झाली तेव्हाही हाच शब्द. युद्ध नाही, तर युद्धत्यागाचा भंगही नाही! शपथेमुळे युद्ध थांबलं नाही, फक्त त्याचं नाव बदललं.

दोन्ही करारांत घातक ठरलेली गोष्ट मात्र एकच होती, निवाडा कुणाचा. लोकार्नोत हल्ला ढळढळीत आहे की नाही हे जामीनदाराने स्वतः ठरवायचं, आणि तसं ठरवलं की लढावं लागणार. केलॉग-ब्रियांमध्ये आपण स्वसंरक्षण करतोय की चढाई, हे चढाई करणाराच सांगणार. दोघांनाही 'नाही' म्हणायचीच सोय होती.

लोकार्नो मार्च 1936 मध्ये संपलं. केलॉग-ब्रियां करार मात्र महायुद्धानंतर न्यायालयात पोचला. जर्मन आणि जपानी नेत्यांवरच्या न्युरेंबर्ग आणि टोकियोच्या खटल्यांत चढाईचं युद्ध हा गुन्हा ठरवताना त्याचाच आधार घेतला गेला. टोकियोच्या न्यायाधीशांपैकी भारताचे राधाबिनोद पाल यांनी वेगळं निकालपत्र लिहिलं आणि या आधारावरच आक्षेप घेतला: स्वसंरक्षण कशाला म्हणायचं हे ज्या कराराने प्रत्येक देशावर सोडलं, त्या कराराने युद्ध गुन्हा ठरतं कसं?